किती टाकू?

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर हवेचा कोपरा अगदी शेवटाला आहे, स्वच्छतागृहाच्या भिंतीला लागून. खांबावर एक डिजिटल यंत्र, त्यातून निघालेली निळी नळी आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला विशीतला मुलगा. गाडी आली की तो उठतो, नळी ओढत पुढच्या चाकापाशी उकिडवा बसतो आणि मान वर न करता विचारतो, "किती टाकू?"

या प्रश्नाची उत्तरं ऐकत मी सकाळभर तिथे रेंगाळलो. "जेवढी असते तेवढी टाक." "पस्तीस." "मागच्या वेळी किती टाकली होतीस?" (मागच्या वेळी गाडी त्याच्याकडे आलीच नव्हती.) "फॅमिली आहे, जरा कडक कर." "समृद्धीवर जायचंय, तीसच ठेव." एका गृहस्थांनी तर काच खाली न करताच चार बोटं दाखवली. ती चार चाकं की चाळीस, ते मुलाने आपल्या अकलेने ठरवलं. दार उघडून तिथे काय लिहिलंय ते वाचून आकडा सांगणारा मात्र कुणी दिसला नाही.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला तो 'हवा'. निवडणुकीची हवा, शहरांची बिघडलेली हवा, हवापालट, हे सगळं इतरांनी उचललं असणार. मी चाकातली हवा उचलली. पेट्रोलच्या दरावर आपण तावातावाने बोलतो, मायलेजचा हिशेब तोंडपाठ ठेवतो, नवी गाडी घेताना एअरबॅगा मोजतो. आणि ज्या एका गोष्टीवर ती सगळी गाडी तोललेली आहे, तिचा आकडा खुर्चीवरच्या मुलावर सोडून मोबाइल बघत बसतो.

तोललेली म्हणजे अगदी शब्दशः. माणसांसकट बाराशे किलोची गाडी धरा. एका चाकावर साधारण तीनशे किलो येतात. चाकात ३३ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. तीनशेला त्याने भागलं की उत्तर येतं जेमतेम १३० चौरस सेंटीमीटर. एका पोस्टकार्डाएवढी जागा! वळण, ब्रेक, पावसातली पकड हे सगळं या चार पोस्टकार्डांवर चालतं. रबराचं मुख्य काम ही हवा धरून ठेवणं आणि रस्त्याशी घासणं. वजन पेलते ती हवा.

दारावरची चिठ्ठी

चालकाच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीच्या खांबावर, खालच्या अंगाला, एक चिठ्ठी चिकटवलेली असते. काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आत सापडते. तिच्यावर टायरचं माप असतं, पुढच्या आणि मागच्या चाकांचा दाब असतो आणि बऱ्याचदा दोन वेगळे रकाने असतात. दोन-तीन माणसं असतील तर एवढी हवा, पाच माणसं आणि डिकी भरलेली असेल तर एवढी. दुसऱ्या रकान्यात मागच्या चाकांचा आकडा चांगलाच वर गेलेला दिसतो, कारण सामान मागे असतं. दिवाळीला गावी निघालेली गाडी नेमकी या दुसऱ्या रकान्यातली. पण रोज ऑफिसला एकट्याने जाताना जी हवा असते, तीच घेऊन आपण आई-वडील, मुलं, बॅगा आणि पिंपभर चकल्या गाडीत भरतो.

हा आकडा गाडी बनवणाऱ्याने ठरवलेला असतो, टायर बनवणाऱ्याने नाही. तेच टायर दोन वेगवेगळ्या गाड्यांना बसतं तेव्हा एका गाडीला तीस लागते आणि दुसरीला छत्तीस. टायरच्या अंगावर बारीक अक्षरात 'मॅक्स' असं लिहून जो ४४ किंवा ५१ चा आकडा कोरलेला असतो, ती त्या टायरची कमाल मर्यादा. काहीजण तोच आकडा हवावाल्याला सांगतात. मग गाडी खड्ड्याखड्ड्याला टणाटण उडते, टायर मधल्या पट्ट्यावर घासत जातं, रस्त्याशी टेकणारी जागा आणखी आखडते, आणि मालक सस्पेन्शन तपासायला गॅरेज गाठतात.

चिठ्ठीत आणखी एक शब्द असतो, तो फारच कमी लोक वाचतात. 'कोल्ड'. म्हणजे दाब थंड चाकाचा. गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा फार तर किलोमीटर-दीड किलोमीटर चाललेली असावी. आता पंप घरापासून चार-पाच किलोमीटरवर, वाटेत सिग्नल, वर बाराचं ऊन. तिथे पोचेपर्यंत चाकं तापलेली, हवा फुगलेली, आणि मीटरवरचा आकडा खऱ्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त. हवावाला प्रामाणिकपणे ३३ वर आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पार्किंगमध्ये त्याच चाकात तीस असते. हवा मोफत भरून देणं ही पंपाची जबाबदारी आहे, तेल कंपन्यांच्या नियमांतच ते आहे. पण दाब मोजायला पंपाइतकी गैरसोयीची जागा नाही, कारण तिथे गाडी चालवतच जावं लागतं.

"गरम झाली की वाढते ना, साहेब"

सावंगीच्या इंटरचेंजजवळ चहाच्या टपरीवर टुरिस्ट गाड्यांचे चालक थांबतात. इथून समृद्धी महामार्गावर चढलं की नागपूर गाठायचं किंवा मुंबई. विषय काढायचा अवकाश, प्रत्येकाकडे सिद्धान्त तयार होता. त्यातला सगळ्यांत पक्का, आणि मी नंतर कॉलेजातल्या प्राध्यापकांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांकडून ऐकलेला, असा: समृद्धीवर जाताना हवा कमी ठेवायची. पांढऱ्या शर्टातला, वीसेक वर्षं स्टीअरिंगवर काढलेला एक चालक मला समजावत होता, "टायर गरम झाला की हवा वाढते ना, साहेब. तेहतीस टाकली तर वरती चाळीस होते. मग फुटणारच. आपण तीसच ठेवायची, तिला फुगायला जागा राहते."

ऐकायला पटतं. आणि अर्धं खरंही आहे. हवा वाढते. पंचवीस अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा आतून ६५ अंशांपर्यंत तापली, तर ती साधारण ३९ होते. हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच हिशेब आहे, फक्त मीटरच्या आकड्यात वातावरणाचा १४.७ चा दाब आधी मिळवून घ्यायचा आणि शेवटी वजा करायचा. पण ही वाढ कुणाला अनपेक्षित नाही. 'कोल्ड' लिहिणाऱ्याने ती धरूनच आकडा दिलेला असतो. कमाल ४४ लिहिलेलं टायर ३९ ला फुटत नाही. ते ४४ सुद्धा थंड चाकाचे आहेत, आणि धडधाकट टायर निव्वळ दाबाने फाटायला त्याच्या कितीतरी पट हवा लागते.

उरलेलं अर्धं चुकीचं आहे आणि तेच जीवघेणं आहे. टायर तापतं कशाने? उन्हाने थोडं, रस्त्याने थोडं, पण मुख्यतः स्वतःच्या वाकण्याने. चाक फिरताना टायरचा जो भाग खाली येतो तो दबतो, वर जाताना पुन्हा सरळ होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला साध्या मोटारीचं चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेतं, म्हणजे टायरच्या कुशीचा प्रत्येक ठिपका सेकंदाला तितक्या वेळा वाकतो आणि ताठ होतो. रबर वाकवताना घातलेली सगळी ऊर्जा ते परत देत नाही, काही भाग उष्णता म्हणून ठेवून घेतं. हवा कमी म्हणजे वाकणं जास्त. वाकणं जास्त म्हणजे उष्णता जास्त. वेग फारच वाढला आणि हवा फारच कमी असली, तर दबलेला भाग सरळ व्हायच्या आत पुढचा फेरा येऊन ठेपतो आणि टायरच्या मागच्या अंगावर लाटा उठलेल्या राहतात. तिथून पुढे मामला मिनिटांचा. आतले तारांचे पट्टे रबरापासून सुटतात, वरचा थर सोलून निघतो आणि आपण म्हणतो, टायर फुटलं.

म्हणजे टायर फुटू नये म्हणून हवा कमी करणारा माणूस टायर तापवण्याची व्यवस्था करून निघतो. चालकाला हे मी सांगितलं. त्याने चहा संपवला, कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "पण आजवर माझा एकही नाही फुटला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दणकट टायर अशी वागणूक बराच काळ सोसतं, हेच तर या समजुतीचं भांडवल आहे.

अण्णांचा पाण्याचा टब

महाराष्ट्रात कुठल्याही हमरस्त्यावर जा, पंक्चरच्या दुकानाबाहेर टांगलेल्या टायरवर पांढऱ्या रंगाने नाव रंगवलेलं असतं आणि आत माणूस बहुधा केरळचा असतो. वाळूजच्या वाटेवरचे आमचे अण्णा पोरसवदा वयात आले ते इथलेच झाले. त्यांचं मराठी झपझप चालतं, फक्त अनुस्वार जरा दक्षिणेकडे झुकतात. याच वाळूजला गुडइयरचा टायरचा कारखाना आहे. नवी टायरं ट्रकांवर रचून अण्णांच्या दुकानासमोरून बाहेर पडतात आणि कधीतरी त्यातलंच एखादं मरायला त्यांच्याकडे परत येत असणार.

त्यांनी दुकानामागच्या ढिगातून एक टायर ओढून काढलं आणि त्याच्या पोटात माझा हात घालायला लावला. बोटं बाहेर आली ती काळ्या भुकटीने माखलेली, काजळीपेक्षा जाडसर. "खिळा नाय, काच नाय," अण्णा म्हणाले, "हवा नाय, म्हणून मेला." मग त्यांनी टायर उलटं करून आतल्या कुशीवर नखाने गोल रेघ दाखवली. चाकाभोवती पुरी फिरलेली ती करडी, खरबरीत पट्टी म्हणजे कूस जिथे सारखी दुमडून स्वतःवरच घासत होती ती जागा. भुकटी म्हणजे तिथलं सुटलेलं रबर. बाहेरून पाहिलं तर नक्षी जवळजवळ नव्यासारखी! दोन्ही कडा मात्र मध्यापेक्षा जास्त झिजलेल्या. मध्य झिजला तर हवा जास्त, कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेलेलं. अण्णा टायर वाचतात ते असं, आणि गाडीचा मालक काय सांगतो याकडे फारसं लक्ष देत नाहीत.

"लाथ मारून कळतं का हो?" मी विचारलं. ट्रकवाले हातोडा मारून आवाज ऐकतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. अण्णांनी मान हलवली. ट्रकच्या जोडचाकातलं आतलं बसलं असेल तर हातोड्याने कळतं. मोटारीच्या आताच्या रेडियल टायरची कूस मुळातच मऊ, पूर्ण हवा असली तरी खाली पोट सुटलेलं दिसतंच. त्यांनी दुकानात उभ्या असलेल्या एका गाडीची दोन चाकं दाखवली. मला दोन्ही सारखी वाटली. मीटर लावला तर एकात तेहतीस, दुसऱ्यात पंचवीस.

ही आठ पॉइंट हवा गेली कुठे, हे शोधायला पाण्याचा टब. चाक त्यात बुडवून अण्णा ते हळूहळू फिरवतात आणि बुडबुड्याची वाट बघतात. नक्षीत काही नव्हतं. कडेला, टायर जिथे रिमला बसतं, तिथेही नाही. मग त्यांनी व्हॉल्व्हची टोपी काढून त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. थेंबाचा फुगा झाला, फुटला, पुन्हा झाला. पिन चावीने फिरवून बाहेर काढली. बोटाच्या पेराएवढीही नाही, पितळेची, बारीक स्प्रिंग आणि तिच्या बुडाशी रबराचं इवलंसं कडं. कड्यात वाळूचा एकच कण रुतलेला होता. टोपी हरवली होती कधीतरी, आणि ती परत बसवायची कुणाला आठवण राहिली नव्हती. नवी पिन, नवी टोपी, काम संपलं. टोपीला आपण शोभेची वस्तू समजतो. ती धूळ आणि पाणी अडवते, आणि पिनीने हार खाल्ली तर थोडी हवाही.

पिन धड असली, खिळा नसला, तरी हवा जातेच. रबराच्या आतून ती झिरपते. ट्यूबलेस टायरच्या आतल्या अंगाला हवा सहज न जाऊ देणाऱ्या ब्यूटाइल रबराचं अस्तर असतं, तरीही महिन्याला साधारण एक पीएसआय कमी होते असं धरून चालतात. त्यात ऋतू येतो. मे महिन्यात नागपूरला बेचाळीस अंशांच्या उन्हात भरलेली ३३ पीएसआय हवा डिसेंबरच्या बारा अंशांच्या पहाटे, एक कणही न झिरपता, साडेअठ्ठावीस भरते. सात महिन्यांची झिरप त्यात मिळवा. थंडीच्या पहिल्या लाटेत गाड्यांच्या डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागतात आणि सर्व्हिस सेंटरचे फोन वाजू लागतात, ते यामुळे.

दैवी कृत्य

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. पहिल्या काही महिन्यांतच अपघातांच्या बातम्यांत 'टायर फुटल्याने' हा शब्दप्रयोग रुळला आणि पाठोपाठ काँक्रीटवर खापर फुटू लागलं. काँक्रीट तापतं, काँक्रीट टायर खातं. वास्तविक काँक्रीट डांबरापेक्षा फिकं असतं आणि भर उन्हात त्याचा पृष्ठभाग साधारणपणे डांबराहून कमीच तापतो. फरक आहे तो न थांबण्यात. जुन्या रस्त्याने नागपूरला जाताना गतिरोधक, आठवडी बाजार, बैलगाडी, टोलची रांग, रेल्वे फाटक हे सगळं चाकाला मधूनमधून गार होऊ देत होतं. समृद्धीवर माणूस एकदा १२० वर गेला की तासन्‌तास तिथेच. गावातल्या रस्त्यावर पंचवीसची हवा खपून जाते, इथे तिचा हिशेब चुकता होतो.

परिवहन विभागाने २०२३ मध्ये महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मोटारीच्या नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर असावी असा नियमच आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं.

'टायर फुटलं' हे मात्र फार सोयीचं स्पष्टीकरण असतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी गेले. चालकाचा पहिला जबाब होता की टायर फुटलं. परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. टायरवर ढकललं की झोप, वेग, थकवा यांचा जाब देण्यापासून माणूस सुटतो.

आणि टायर खरंच फुटलं असेल तर? मुंबई उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला होता. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याहून मुंबईला येणाऱ्या एका गाडीचं मागचं चाक फुटलं, गाडी दरीत गेली, एक तरुण गेला. लवादाने कुटुंबाला सव्वा कोटींच्या आसपास भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली. म्हणणं असं की टायर फुटणं ही दैवी घटना, तिला चालक काय करणार. २०२३ च्या सुरुवातीला न्या. एस. जी. दिगे यांनी ते अपील फेटाळलं. दैवी कृत्य म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची नैसर्गिक आपत्ती. टायर फुटण्यामागे अतिवेग असतो, कमी किंवा जास्त हवा असते, वापरलेली जुनी टायरं असतात, तापमान असतं, आणि निघण्याआधी टायरची स्थिती पाहणं चालकाचं काम आहे, असा निकालाचा रोख होता. सावंगीच्या टपरीवर मी हा निकाल सांगितला तेव्हा हशा पिकला. "म्हणजे देवसुद्धा सुटला, अडकलो आम्हीच."

नायट्रोजन नावाची हिरवी टोपी

पंपांवर आणि टायरच्या मोठ्या दुकानांत हवेच्या शेजारी आता नायट्रोजनचं यंत्र असतं. चाकामागे वेगळे पैसे, आणि ओळख म्हणून व्हॉल्व्हला हिरवी टोपी. "टायर थंड राहतं," असं सांगतात. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, त्यामुळे फार मोठा चमत्कार होण्याला वावच कमी. कोरडा नायट्रोजन जरा हळू झिरपतो हे खरं. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने तीस पीएसआय भरलेली टायरं वर्षभर ठेवून पाहिली होती. साधी हवा सरासरी ३.५ पीएसआयने उतरली, नायट्रोजन २.२ ने. वर्षाला सव्वा पॉइंटाचा फरक. विमानात आणि शर्यतीच्या गाड्यांत नायट्रोजन वापरतात त्याला सबळ कारणं आहेत, पण ती आपल्या पार्किंगमधल्या गाडीला लागू नाहीत.

माझी नायट्रोजनबद्दलची तक्रार पैशांची नाही. हिरवी टोपी बसली की माणसं हवा बघायचंच सोडतात, ही आहे. शिवाय काही दुकानदार बजावतात की यात साधी हवा अजिबात मिसळू नका. मग वाटेत चाक उतरलेलं असलं तरी मालक पुढच्या नायट्रोजनच्या यंत्रापर्यंत तसाच रेटत नेतो. खुशाल मिसळा. काही होत नाही.

हवेच्या साध्या यंत्रात बघण्यासारखं असेल तर ते कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी. दमट हवा दाबली की त्यातलं पाणी सुटतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. तळाची तोटी रोज उघडून ते काढून टाकायचं असतं. पावसाळ्यात हे काम टाळणाऱ्या दुकानातली हवा चाकात जाताना पाणीही घेऊन जाते.

घाट आणि पाणी

उंचीचा परिणाम अनेकांना गोंधळात टाकतो. मुंबईहून महाबळेश्वरला, म्हणजे जवळपास १३७० मीटर चढून, गेलं की भोवतालच्या वातावरणाचा दाब सुमारे दोन पीएसआयने घटतो. मीटर आतला आणि बाहेरचा फरक मोजतो, त्यामुळे तो दोन पॉइंट जास्त दाखवतो. पण वर गारवाही असतो, आणि तापमान दहा अंशांनी उतरलं तर दीडेक पॉइंट परत जातो. वजाबाकी होऊन हाती फारसं काही राहत नाही. घाटावर पोचून हवा सोडायची गरज नसते.

पावसाचं प्रकरण गंभीर आहे. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना चाकाने ते खाचांतून बाजूला सारायचं असतं. वेग वाढला की एका क्षणी पाणी सारलं जात नाही, टायर त्यावर चढतं आणि स्टीअरिंग हाताला हलकं लागतं. ब्रेक, वळण, सगळं निरुपयोगी. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांवर प्रयोग करून या वेगाचा एक ढोबळ नियम बसवला. दाबाच्या वर्गमुळाला नऊने गुणा, उत्तर सागरी मैलांत येतं. नक्षी झिजलेल्या मोटारीच्या चाकाला तो लावला तर ३३ पीएसआयला ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतात आणि २४ पीएसआयला ८२ च्या आसपास. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलैच्या मुसळधार पावसात ८२ आणि ९५ च्या मधल्या वेगाने किती गाड्या धावतात, हे खंडाळ्याच्या पुलावरून कुणीही बघावं.

दिवा

नव्या गाड्यांत दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा असते. दाब कमी झाला की डॅशबोर्डवर चाकाच्या छेदासारखी आकृती आणि मधे उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. हा दिवा अमेरिकेत आला तो मोठी किंमत मोजून. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या फायरस्टोन टायरांचे थर सुटून उलटण्याचे अपघात झाले, अडीचशेवर माणसं गेली, आणि ऑगस्ट २००० मध्ये पासष्ट लाखांच्या आसपास टायरं परत मागवावी लागली. टायरांत दोष होताच. पण गाडीसाठी सांगितलेला २६ पीएसआयचा दाबही वादात सापडला, कारण त्यात चूक व्हायला वाव फार थोडा उरत होता. त्यानंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे सक्ती नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चरची पेटी दिली तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा मात्र आहे.

दिव्यावर विसंबायचं तर त्याचा स्वभाव ठाऊक हवा. अमेरिकी नियमात तो ठरलेल्या दाबाच्या पंचवीस टक्के खाली गेल्यावर लागला तरी चालतो. म्हणजे ३३ ची हवा २५ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो. काही गाड्यांत चाकाच्या आत संवेदक असतो आणि प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. स्वस्तातल्या यंत्रणेत संवेदकच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फेरे घेतं, ते ब्रेकच्या यंत्रणेतून ताडून दिवा लागतो. चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर ती यंत्रणा सहज चकते. हवा भरल्यावर बटण दाबून तिला नवा दाब शिकवावा लागतो. तो न शिकवता "दिवा बिघडलाय" म्हणून वायर काढायला लावणारे मालक असतात, असं अण्णा सांगतात आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेतात.

सकाळचं काम

घरात एक मीटर असावा. काही शे रुपयांना मिळतो, आणि तो सकाळी गाडी हलवण्याआधी लावायचा. तीन-चारदा सलग मोजून तोच आकडा आला की मीटर भरवशाचा. लावताना फुस्स झालं तर तो तिरका बसलाय, सरळ दाबून पुन्हा मोजायचं. पंधरा दिवसांतून एकदा पुरतं, लांबच्या प्रवासाआधी हमखास. सिगारेट लायटरवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असेल तर जागेवरच भरता येते. अमेरिकी ऊर्जा खात्याचा अंदाज असा की चारही चाकांत सरासरी एक पीएसआय कमी झाली तर मायलेज ०.२ टक्क्याने घटतं. पेट्रोलची ही बचत किरकोळच आहे, त्यासाठी कुणी पहाटे उठणार नाही. टायर वेळेआधी बदलावं लागण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा.

कॉम्प्रेसर नसेल तर पंपावर जायचं, पण आकडा घरून न्यायचा. समजा पहाटे २८ भरली आणि चिठ्ठीवर ३३ आहे, तर तूट पाचची. पंपावर पोचेपर्यंत चाक तापून मीटर ३१ दाखवील. तिथे तेहतीस सांगायचं नाही, छत्तीस सांगायचं. हवावाला भुवया उंचावतो, "जास्त होईल" म्हणतो. होऊ द्या. गार झाल्यावर ती ३३ वरच येते. आणि गरम चाकात चिठ्ठीपेक्षा जास्त आकडा दिसला म्हणून हवा सोडायची नाही, कितीही मोह झाला तरी.

राहिली स्टेपनी. डिकीच्या तळाशी, फळीखाली, जॅकच्या बाजूला ती गाडी घेतल्या दिवसापासून पडून असते. तीही महिन्याला एक पॉइंट गमावत असते. चार वर्षांनी, रात्री अकराला, आडरानात ती बाहेर काढली की खालच्या चाकापेक्षा तिच्यातच हवा कमी निघते. ती मोजायची तर आधी डिकी रिकामी लागते. गावी निघण्याच्या आदल्या दिवशीच हे उरकलेलं बरं. एकदा फराळाचे डबे, बॅगा आणि आजीची पिशवी आत रचली गेली की हवा बघण्यासाठी ती बाहेर काढू द्यायला घरातलं कुणी तयार होत नाही.